मदतीचा साठा पुराआधी तालुक्यात हवा

संपादक महोदय,

2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर शिरोळ तालुक्याने पाहिले. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि मदत घेऊन निघालेली वाहने वाटेतच अडकली. पाणी ओसरल्यावर राज्यभरातून एवढे ट्रक आले की तो जिव्हाळा आम्ही जन्मभर विसरणार नाही. पण कोणत्या गावाला काय हवे, हे सांगणारे वाटेवर कोणी नसल्याने त्यांतले बरेच ट्रक रस्त्यालगतच्या गावांतच रिकामे झाले. तेथे बिस्किटे आणि बाटलीबंद पाणी पुन्हा पुन्हा पोहोचले. आतल्या वस्त्यांवर मात्र आम्ही वाटप करायला गेलो तेव्हा लोक पहिला प्रश्न जनावरांच्या चाऱ्याचा विचारत होते. जुन्या कपड्यांचे गठ्ठे शाळेच्या व्हरांड्यात भिजत पडले आणि शाळा सुरू करण्याआधी तेही आम्हालाच उचलावे लागले.

हे टाळता येण्यासारखे आहे, कारण भूकंपाप्रमाणे हा पूर अवचित येत नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट ठरलेली आहे, आणि तेथले पाणी आमच्या तालुक्यातल्या नृसिंहवाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमापर्यंत यायला वेळ लागतो. तेव्हा पाणी 39 फुटांवर जाताच धान्य, औषधे, क्लोरीनच्या गोळ्या, पशुखाद्य आणि बोटींचे इंधन तालुक्यातल्याच पुराबाहेरच्या उंच जागी हलवण्याचा स्थायी आदेश असावा. रस्ता तुटल्यावर कोल्हापुरातल्या गोदामात कितीही माल असला तरी तो आमच्या उपयोगाचा नसतो.

बाहेरून येणाऱ्या मदतीसाठी पुराबाहेर एकच स्वीकृती केंद्र हवे. तलाठी आणि आशा सेविका यांनी मे महिन्यातच तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, इन्सुलिन घेणारे रुग्ण आणि जनावरांची संख्या यांची गाववार यादी केली, तर त्या केंद्रावरून कोणता ट्रक कोणत्या गावाला जायचा हे ठरवता येईल. गरजही रोज बदलते: पाणी असताना तयार अन्न लागते, तर ते ओसरले की खराटे, ब्लीचिंग पावडर, गमबूट, सॅनिटरी पॅड आणि कोरडी अंथरुणे लागतात. ही मागणी रोज सायंकाळी जाहीर झाली, तर देणारेही नेमके तेच पाठवतील.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते. त्याने साठ्याची जागा, गावांच्या याद्या आणि बोटींचे मार्ग येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, ही विनंती.

– एक पूरग्रस्त वाचक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर