हात झाकलेले असतात म्हणून

प्रिय बाबू,

रविवारी फोनवर तू विचारलंस की पप्पा तासभर नुसतं त्या पांढऱ्या भाकरीकडे, ज्यात येशू आहे असं आपण मानतो त्या साक्रामेंताकडे, बघत बसायचं म्हणजे नक्की काय करायचं, आणि मी म्हटलं नेटवर्क कट होतंय. नेटवर्क काही कट होत नव्हतं, मला उत्तर सुचेना. आता रात्री बसून टाईप करतोय, मोठं होईल, सवडीने वाच.

तुझ्या केरळच्या रूममेटने तुला पुण्यात होली अवरला, म्हणजे साक्रामेंतासमोरच्या त्या तासाला, ओढत नेलं ते ऐकून मम्मी खूश झाली, मी गप्प होतो कारण तू दोन वर्षं आपल्या चर्चात का येत नाहीस ते मला माहीत आहे. क्वायरच्या प्रॅक्टिसला सगळ्या पोरांसमोर फादर तुला जे बोलले ते मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि उठलो नाही. फादरांना कोण उलट बोलणार, असा आमचा जमाना. उठायला पाहिजे होतं.

तर तुझा प्रश्न. काय करायचं? खरं सांगू, काहीच नाही. तुझी आजी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तासातला अर्धा तास झोपायची, मान छातीवर, हातात रोजरीची माळ, पण शेवटी साक्रामेंत उचलून देतात त्या आशीर्वादाची घंटी वाजली की सगळ्यांच्या आधी गुडघ्यावर. मी चिडवलं तर म्हणायची, वाडीत दिवसभर राबून आलेय, देवाला काय माहीत नाही? पुढे कळलं की लिझ्यूची संत तेरेझा पण प्रार्थनेत झोपायची, म्हणजे आजी चांगल्या कंपनीत होती.

आजीच्या लहानपणी हा आशीर्वाद म्हणजे रविवार संध्याकाळचा मुख्य कार्यक्रम. कारण तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चातली मुख्य उपासना, सकाळीच व्हायची, मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा न पिता यायचं, संध्याकाळी मिस्साच नाही, मग लोक जमायचे ते रोजरी आणि साक्रामेंताच्या आशीर्वादाला. 1953 साली पोप पायस बाराव्यांनी उपासाचे नियम सैल केले, संध्याकाळच्या मिस्साला वाट मोकळी झाली आणि हळूहळू आशीर्वाद मागे पडला. आजीला आशीर्वादाच्या वेळचं ते लॅटिन गाणं 'तांतुम एर्गो' तोंडपाठ होतं, अर्थ एका शब्दाचा माहीत नाही. संत थॉमस अक्वायनसचं ते, 1264 मध्ये पोप अर्बन चौथ्यांनी ख्रिस्तशरीराचा सण सगळ्या चर्चला लावून दिला त्या वेळचं, एका मोठ्या गीताची शेवटची दोन कडवी. सातशे वर्षं जुनं गाणं आपल्या वसईत केळीच्या वाडीला पाणी सोडताना बाई गुणगुणायची, आता बोल.

आणि आजोबा 1964 ला मुंबईत ओव्हल मैदानावर गेले होते, जागतिक युखारिस्टिक काँग्रेसला, म्हणजे साक्रामेंतासाठी भरणाऱ्या मोठ्या मेळाव्याला, पोप पॉल सहावे आले होते, भारतात आलेले पहिले पोप. आजोबांना त्यातलं आठवायचं काय तर गर्दी आणि परतीच्या लोकलमध्ये हरवलेली एक चप्पल.

विषय भरकटला. परवा गुरुवारी आपल्याकडे साक्रामेंताची आराधना होती. तासभराला तीसेक माणसं, शेवटच्या दहा मिनिटांत दीडशे, लग्नाची मिस्सा चुकवून रिसेप्शनला बरोबर टायमावर पोचणारी जमात, तुला माहीतच आहे. खरं तर 1973 पासून चर्चचा नियमच आहे की नुसता आशीर्वाद देण्यापुरता साक्रामेंत बाहेर ठेवायचा नाही, आधी वाचन, प्रार्थना, शांतता पाहिजे. असो. आशीर्वाद द्यायला आले कोण, तर तेच फादर. बदली होऊन गेलेले, पाहुणे म्हणून आले होते. माझं डोकंच फिरलं. तासभर मी साक्रामेंताकडे नाही, त्यांच्याकडेच बघत होतो, मनात त्यांच्याशी भांडत होतो, तू असतास तर तुला बरं वाटलं असतं इतकं भांडलो.

मग धूप झाला, आणि आल्तारवर, म्हणजे वेदीवर, मदतीला असलेल्या पोराने फादरांच्या खांद्यावर ती लांब शाल टाकली. लहानपणी तिथे मी पण टाकायचो, कधी विचार नाही केला. त्या शालीच्या टोकांनी ते दोन्ही हात झाकून घेतात आणि मगच मॉन्स्ट्रन्स, म्हणजे साक्रामेंत ठेवलेलं ते उभं पात्र, उचलतात, उघड्या हाताने नाही. कारण मिस्साच्या शेवटी फादर हाताने क्रूस काढून आशीर्वाद देतात, शब्द बोलतात, पण इथे आशीर्वाद त्यांचा नाहीच, म्हणून हात झाकलेले आणि तोंडातून एक शब्द नाही. उचललं तेव्हा मॉन्स्ट्रन्समागे त्यांचा चेहरा पण झाकला गेला. मला समोरून दिसत होतं ते फक्त मधल्या काचेतलं पांढरं गोल आणि खाली शाल, फादर कुठे नव्हतेच. घंटी वाजली, मी मान खाली घातली.

त्यानंतर राग गेला असं नाही हां. बाहेर ते भेटले, मी हात जोडले, बोललो नाही. तू माफ कर वगैरे मी सांगत नाही, ते तुझं तू बघ. पण त्यांच्यामुळे तू ज्याच्यापासून लांब राहिलास ते त्यांचं नव्हतंच, हे मला छप्पन्नाव्या वर्षी एका शालीमुळे कळलं आणि तुला दोन वर्षांपूर्वी सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचा पहिला शुक्रवार लाँग वीकेंडला जोडून आलाय. सात वाजता आहे. आलास तर ये, नाही आलास तर मी विचारणार नाही, मम्मी विचारेल. फक्त माझ्या शेजारी बसू नकोस, मला पण आता आजीसारखी डुलकी लागते आणि तू कोपराने ढोसणार.

पप्पा