विषय: बायोस अपडेटनंतर स्लीपमधून उठताच वाय-फाय कार्ड बंद पडते – सहावी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सेवा विभाग

तुमच्या सेवा केंद्राशी सत्तेचाळीस मिनिटे बोलून आत्ताच फोन ठेवला आहे. ही सहावी तक्रार. आधीच्या पाचही तक्रारी तुम्ही 'निराकरण झाले' असा शेरा मारून बंद केल्या. काहीही निराकरण झालेले नाही.

लॅपटॉप एएमडी प्रोसेसरचा आहे आणि उबुंटू २४.०४ (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार) तुम्हीच घालून विकलेले आहे. आत रिअलटेकचे आरटीएल८८५२बीई वाय-फाय कार्ड आहे. ते चालवण्याची सोय आरटीडब्ल्यू८९ या ड्रायव्हरमध्ये कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.२ पासून लिनक्समध्येच आहे आणि या मशीनवर ६.८ चालतो, त्यामुळे बाहेरून ड्रायव्हर आणण्याचा प्रश्न येत नाही. जुन्या बायोसवर (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरवर) हेच कार्ड, हाच ड्रायव्हर, हाच कर्नल नीट चालत होता. तुमच्या सूचनेवरून नवे बायोस टाकले आणि त्याच दिवशी बिघाड सुरू झाला.

झाकण मिटून मशीन स्लीपमध्ये गेले आणि पुन्हा उघडले की वाय-फाय नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) कार्डाच्या पत्त्यापुढे दर वेळी एकच ओळ येते: 'अनएबल टू चेंज पॉवर स्टेट फ्रॉम डी३कोल्ड टू डी०, डिव्हाइस इनअ‍ॅक्सेसिबल', म्हणजे कार्डाला झोपेतून पूर्ण चालू अवस्थेत आणता येत नाही. एलएसपीसीआय (जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा) लावले तर कार्डाच्या नावापुढे 'रेव्ह एफएफ' दिसते. म्हणजे कार्डाला काहीही विचारले तरी सगळे बिट १ येतात, कारण पलीकडे उत्तर द्यायला कोणी नाही. कार्ड पीसीआय बसवरून (कार्डे जोडणाऱ्या अंतर्गत मार्गावरून) आज्ञेने काढून रीस्कॅन केले की यादीतूनही जाते. मशीन नुसते रीस्टार्ट करून ते परत येत नाही. पूर्ण बंद करायचे, चार्जर काढायचा, पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरायचे, तेव्हा कुठे दिसते. दिवसातून चार-पाच वेळा.

आता याच्या कारणाकडे या, कारण तुमच्या लोकांना ते ऐकून घ्यायचे नाही. डी३कोल्ड म्हणजे कार्डाचा वीजपुरवठाच तोडलेली अवस्था. तो पुन्हा जोडायला कर्नल स्वतः काही करत नाही. बायोसच्या एसीपीआय तक्त्यांत (वीजपुरवठा कसा हाताळायचा हे सांगणाऱ्या तक्त्यांत) त्या स्लॉटसाठी लिहिलेली 'ऑन' ही क्रिया तो चालवतो. ती क्रिया तुम्ही लिहिली आहे. नव्या बायोसमध्ये ती चालते, पण कार्ड जागे होत नाही.

हा नुसता तर्क नाही. आरएफकिलमध्ये (वाय-फाय मुद्दाम बंद केले आहे का, हे दाखवणाऱ्या साधनात) सॉफ्ट आणि हार्ड, दोन्ही ब्लॉक 'नो' आहेत. नेटवर्कमॅनेजरचे वाय-फाय पॉवरसेव्ह २ वर ठेवून, म्हणजे बंद करून पाहिले. ड्रायव्हरला एएसपीएम एल१ (कार्डाच्या जोडणीची वीजबचत) आणि त्याच्या उपअवस्था बंद करण्याचे पर्याय देऊन पाहिले. फरक शून्य. फेडोराच्या (दुसऱ्या एका लिनक्सच्या) लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालवले तरी तेच, म्हणजे उबुंटूचे इन्स्टॉलेशन बिघडलेले नाही. मग रिअलटेकचे कार्ड काढून त्याच स्लॉटमध्ये इंटेलचे एएक्स२१० बसवले. उत्पादक वेगळा, ड्रायव्हर वेगळा. स्लीपमधून उठल्यावर तीच ओळ, तोच पत्ता. दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डे एकाच स्लॉटवर एकाच पद्धतीने मरत असतील तर दोष कार्डात शोधण्यात काय अर्थ आहे?

शेवटचा पुरावा सर्वांत स्पष्ट आहे. सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज फाइलींसारख्या दाखवणाऱ्या जागेत) कार्डाच्या फोल्डरात 'डी३कोल्ड_अलाउड' नावाची फाइल असते. तिच्यात ० लिहिले की वीज तोडली जात नाही, कार्ड डी३हॉटवर, म्हणजे वीज असलेल्या झोपेत, थांबते. तसे करून सलग वीस वेळा स्लीप-रिझ्यूम केले. वीसही वेळा वाय-फाय आले. पुन्हा १ लिहिले, पहिल्याच वेळी कार्ड गेले. युडेव्हचा (उपकरणांची सेटिंग्ज आपोआप लावणाऱ्या प्रोग्रामचा) नियम लिहून हा ० कायम करता येतो आणि सध्या तोच केला आहे, पण मग स्लीपमध्ये बॅटरी जास्त उतरते. हा उपाय ग्राहकाने शोधला आहे, तुम्ही नाही.

हे सगळे, लॉगसकट, चौथ्या तक्रारीत लेखी दिलेले आहे.

आणि आजचा फोन. 'वरिष्ठ तंत्रज्ञ' म्हणून जोडून दिलेल्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती? उबुंटू म्हटल्यावर म्हणाले, "आधी विंडोज टाका, मग फोन करा." उबुंटू तुम्हीच घालून दिले आहे असे सांगितले, तर म्हणाले, "मग राउटर बंद करून चालू करा." कार्ड पीसीआय बसवरच दिसत नाही, राउटरचा संबंध कुठे येतो, असे विचारले. त्यावर अकरा मिनिटे होल्ड. परत येऊन म्हणाले, "कार्ड खराब आहे. तुम्ही इंटेलचे एएक्स२११ विकत घ्या आणि बसवा." एएक्स२११ का, नक्की एएक्स२१०च म्हणायचे आहे ना, असे दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर आले, "एएक्स२११. इंजिनिअरिंगकडून कन्फर्म केले आहे."

एएक्स२११ हे सीएनव्हीआयओ२ पद्धतीचे कार्ड आहे. त्यात फक्त रेडिओचा भाग असतो, उरलेले अर्धे काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये होते. एएमडीच्या मशीनवर ते एम.२ स्लॉटमध्ये छान बसेल आणि कधीही चालणार नाही. तुमच्याच मॉडेलमध्ये जे चालूच शकत नाही, ते ग्राहकाने स्वतःच्या पैशाने आणावे, हा तुमच्या इंजिनिअरिंगचा सल्ला! समोरच्या माणसाने मॉडेल नंबर पाहिला असता तरी हे कळले असते. चौथी तक्रार वाचली असती तर कार्ड बदलून झाले आहे हेही कळले असते. कोणी वाचलेली नाही. वाचली नाही म्हणूनच 'निराकरण झाले' असे लिहून बंद करता आली. फोन ठेवण्याआधी त्यांनी जाणवून दिले की कार्ड स्वतः बसवले तर वॉरंटी जाईल. म्हणजे कार्ड बदला असे सांगणारेही तेच आणि बदलले तर वॉरंटी नाही म्हणणारेही तेच.

ही बाब सेवा केंद्राच्या नव्हे, बायोस लिहिणाऱ्या विभागाच्या अखत्यारीतली आहे. हे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचवा. त्या स्लॉटचा वीजपुरवठा परत जोडणारा भाग दुरुस्त करून नवे बायोस द्या आणि ते एलव्हीएफएसवर (लिनक्ससाठी बायोस अपडेट ठेवण्याच्या संकेतस्थळावर) ठेवा, म्हणजे एफडब्ल्यूअपडी हा प्रोग्राम वापरून थेट लिनक्समधून टाकता येईल. ते येईपर्यंत जुन्या बायोसवर परत जायची वाट मोकळी करा. नव्या अपडेटने ती बंद केली आहे, म्हणजे बिघाडही तुम्ही घातला आणि मागे फिरण्याचा रस्ताही तुम्हीच अडवला. लॅपटॉप केंद्रात पाठवून मदरबोर्ड बदलून घ्या, असे कृपया सुचवू नका. बदललेल्या बोर्डावर तेच बायोस असेल.

लिनक्स घालून मशीन विकणाऱ्या कंपन्या थोड्या आहेत. म्हणून तुमचे मशीन घेतले होते. पाच तक्रारींत एकाही माणसाने डीमेसेज मागितले नाही, याचे फार वाईट वाटते.

पंधरा दिवसांत बायोस विभागाचे लेखी उत्तर हवे. 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' हा ठरीव मजकूर उत्तर म्हणून धरला जाणार नाही. उत्तर न आल्यास पूर्ण रक्कम परत मागणारी नोटीस वकिलामार्फत येईल आणि वीस चाचण्यांचे लॉग त्या नोटिशीला जोडलेले असतील. तेच लॉग या पत्रासोबतही पाठवत आहे. दोन्ही कार्डांचे वेगवेगळे आहेत. या वेळी उघडून पाहा.

आपला,
एक ग्राहक