नायिकेचं लग्न कसं लावायचं?

नौपाडा, ठाणे

प्रिय नीलू,

तू पाठवलेले भाग एका बैठकीत वाचून काढले. तुझी ऐरोलीच्या आयटी कंपनीतली नायिका मला फार आवडली, तिचा दादा तर अगदी डोळ्यांसमोर उभा राहिला. आता तू विचारतेस, नायक-नायिकेचं लग्न कसं लावू? पळून जाऊन, काँट्रॅक्ट मॅरेज करून, की शेवटी घरचे विरघळतात आणि हॉल बुक होतो तसं? फोनवर हे बोलून संपणार नाही, म्हणून लिहायलाच बसले.

लग्नाचा प्रकार बदलला की गोष्टीतला प्रश्नच बदलतो, असं मला इतक्या वर्षांच्या वाचनातून वाटत आलंय. ठरवून केलेल्या लग्नात आपण वाचतो ते दोघांचं जमेल का हे बघायला. पळून जाण्यात सापडतील का, एवढंच. पण प्रकार कुठलाही असो, मी मात्र एक जागा शोधत असते: तिला कुणी विचारलं का, आणि नाही म्हणायची सोय तिला होती का.

इंग्रजी ऐतिहासिक रोमान्स आपण किती वाचले! पळालेल्या जोडप्याची घोडागाडी दर वेळी ग्रेटना ग्रीनकडेच का धावते, त्याचं कारण कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये १७५४ पासून लग्नाचे नियम कडक झाले. चर्चमध्ये तीन रविवार जाहीर पुकारा, नाहीतर परवाना, आणि एकविसाच्या आतल्यांना परवाना हवा तर वडिलांची संमती. स्कॉटलंडला तो कायदा लागू नव्हता. तिथे साक्षीदारांसमोर 'आम्ही नवराबायको' म्हटलं की लग्न झालं. ग्रेटना ग्रीन हे सीमा ओलांडल्या ओलांडल्या लागणारं गाव, त्यामुळे तिथला लोहारसुद्धा लग्नं लावायचा. पुढे १८५६ मध्ये, दोघांपैकी एकाने आधी २१ दिवस स्कॉटलंडमध्ये काढलेले असले पाहिजेत अशी अट आली आणि एका रात्रीत लग्न उरकायची वाट बंद झाली. पाठलाग, चिखलातली चाकं, खाणावळीतला मुक्काम, हे सगळं लेखिकांच्या पदरात त्या एका कायद्याने टाकलं.

काँट्रॅक्ट मॅरेजचं मराठीत सध्या उदंड पीक आहे. वर्षभराचा करार, नायक कंपनीचा मालक, नायिकेच्या बाबांचं ऑपरेशन. लग्न आधी आणि प्रेम नंतर, हा क्रम आपल्या आयांच्या आणि आज्यांच्या आयुष्यातलाच असल्यामुळे आपल्याला तो मनापासून पटतो. त्यात लिहायलाही भरपूर असतं. उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट, आणि जेवून झाल्यावर आवाज न करता त्याने ते घासून ठेवणं, अशा एका प्रसंगासाठी मी पानंच्या पानं वाचेन. पण हॉस्पिटलच्या काउंटरवर बिल हातात घेऊन जी सही करते, तिच्या त्या सहीला मी होकार मानत नाही. कर्ज फिटलं, करार फाडला, ती तिच्या घरी निघून गेली आणि मग स्वतःच्या पायांनी परत आली, तर तिथून पुढची प्रेमकथा मला खरी वाटते. बहुतेक जणी हा भाग गाळतात. तू काँट्रॅक्टचं ठरवलंस तर तो गाळू नकोस.

आणि आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं ते. लग्नाची गोष्ट मराठीत अगदी पहिल्यापासून आहे. तेराव्या शतकातल्या महदंबेचे धवळे, म्हणजे लग्नात म्हणायची गाणी, रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाचे. मग नरेंद्राचं 'रुक्मिणी स्वयंवर', आणि मग एकनाथांचं, १५७१ मधलं, जे लग्न जमावं म्हणून मुली अजून वाचतात. मावशीने वाचलेली पोथी आता माझ्याकडे आहे. या सगळ्याच्या मुळाशी भागवतातलं रुक्मिणीचं पत्र आहे, सात श्लोकांचं. भावाने शिशुपालाशी ठरवलंय, तिला तो नको आहे, म्हणून ती एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडते. प्रेम त्यात आहेच, पण मला भारून टाकतो तो तिचा बेत. अंतःपुरातून तुला न्यायचं तर तुझी माणसं मारावी लागतील, ही कृष्णाची अडचण तीच आधी मांडते आणि तीच सोडवते: लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची मोठी यात्रा असते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या दर्शनाला जाते, तिथे ये. जागा, दिवस, युक्ती, सगळं तिचं. राक्षसविधीने मला वर, असंही तीच लिहिते. जुन्या आठ विवाहप्रकारांत बळाने पळवून नेण्याचं नाव ते. शिशुपालाच्या वऱ्हाडाला ते अपहरणच दिसणार, पण आपण पत्र वाचलेलं असतं. नायिकेला उचलून नेणारे दांडगे नायक मला का सोसत नाहीत, ते यावरून तुझ्या लक्षात येईल. तिथे पत्र नसतं.

जोतीराव फुल्यांनी १८८७ मध्ये सत्यशोधक लग्नासाठी जी मंगलाष्टकं छापली, त्यांत तर वधू सगळ्यांसमोर वराकडे स्त्रियांचे हक्क मागते आणि तो कबूल करतो. असा प्रसंग आपल्या कादंबऱ्यांत का येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझ्या नायिकेसाठी माझं मत रजिस्टर लग्नाला. कथांमध्ये ते नेहमी दोन ओळींत आटपतात: सह्या, हार, पेढे. अगं, १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावं लागतं आणि ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात! इंग्रजी लेखिकांना कायद्याने घाई दिली, तुला वाट बघणं दिलंय. तुझ्या कथेतली ऐरोली काय, घोडबंदर रोड काय, दोन्ही ठाणे जिल्ह्यातच, त्यामुळे कार्यालयाचाही घोळ नाही. मामेबहिणीच्या लग्नात मी साक्षीदार होते. बोर्डावर टाचलेला कागद, दोघांचे पासपोर्ट फोटो, तिच्या कपाळावर अर्धा शिक्का उमटलेला. दुसऱ्याच कामाला आलेली माणसं उभी राहून नावं, पत्ते वाचायची. तो महिनाभर ती अनोळखी नंबरचा फोन उचलायला घाबरायची. आणि त्या दिवशी अधिकाऱ्यासमोर, आम्हा तिघा साक्षीदारांसमोर, मी याला माझा पती म्हणून स्वीकारते, हे वाक्य ती स्वच्छ मराठीत, त्याच्याकडे बघत म्हणाली. दोघांना समजेल अशा कुठल्याही भाषेत ते म्हणता येतं.

दादालाही इथे काम आहे. त्याला नोटीस दिसू दे, तावातावाने हरकत घ्यायला येऊ दे. घरच्यांना पसंत नाही, हे हरकतीचं कारणच होत नाही. आधीचं लग्न, वय, मानसिक स्थिती, निषिद्ध नातं, असलंच काही लागतं. हे त्याला टेबलापलीकडच्या माणसाकडून ऐकावं लागेल, आणि बाहेर बाकावर ती बसलेली असेल. तो प्रसंग तू घाई न करता लिही. त्याला तिथल्या तिथे पाझर फोडू नकोस, चिडूनच घरी जाऊ दे.

तीन साक्षीदार कोण ते मात्र आत्ताच ठरव, म्हणजे मागच्या भागांत त्यांना आणता येईल. तिची पीजीमधली रूममेट एक असावी असं मला वाटतं. पुढचा भाग झाला की लगेच पाठव. नेरूळहून इकडे यायचं जमलं तर पोथी काढून ठेवते, ते पत्र एकत्र वाचू.

काकूंना नमस्कार.

तुझीच,
सुमा