पेटीवर मारिओ वाजवला तर बिघडले कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला व्हिडिओ गेमवरचा लेख वाचला. मुलांचे डोळे, मान, अभ्यास यांबद्दल जे लिहिले आहे त्याला माझी हरकत नाही. पण ‘डोके उठवणारे टिंगटिंग संगीत’ असे जाता जाता फेकून दिले आहे, आणि उदाहरण कुणाचे, तर मारिओचे! वर चित्र छापले आहे निळ्या सॉनिकचे. मारिओ निन्टेंडो कंपनीच्या खेळातला, सॉनिक सेगा कंपनीच्या. लिहिणाऱ्याने खेळ पाहिलेला नाही, चित्र लावणाऱ्यानेही नाही, संगीताचा निकाल मात्र दोघांनी मिळून लावून टाकला.

मी पेटी शिकवतो. त्यामुळे हे वाक्य मला जास्तच झोंबले, कारण याच अर्थाचे वाक्य गेल्या गणपतीत मी स्टेजखाली उभा राहून ऐकले आहे. बेळगावातल्या एका मंडळाची वाद्यवादन स्पर्धा होती. गट खुला, विषयाचे बंधन नाही, असे पत्रकावर छापलेले. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने मारिओची पहिली धून स्वतःच्या कानाने पेटीवर बसवली होती. मी एक सूर सांगितला नव्हता. काळी-पांढरीचा घोळ नको म्हणून त्याने पांढरी एक सा धरला : ग ग ग, सा ग प, मग धाडकन मंद्र प. पुढे शुद्ध निषादावरून कोमल निषादावर घसरून धैवतावर यायचे. दोन्ही निषाद लागोपाठ, तेही त्या लयीत. वाजवून बघा म्हणजे कळेल. पोरगा रंगात आला होता, समोरची पोरे टाळ्यांनी ठेका धरत होती, तेवढ्यात परीक्षकांनी हात वर केला. “काय खुळ्यागत वाजवायलास रे? काहीतरी संगीत वाजव की.” मुलगा उठला, पेटीचा भाता बंद केला आणि खाली आला. त्याच्यानंतरच्याने सिनेमातले गाणे वाजवले, भात्याचा श्वास तुटत होता, त्याला बक्षीस. ते गाणे बहुधा खुळ्यागत नसावे.

आता टिंगटिंगबद्दल. कोजी कोंडो या संगीतकाराने १९८५ साली मारिओचे संगीत केले तेव्हा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता. सकाळी आपण एकमेकांना फुलांचा फोटो पाठवतो तोही याहून मोठा असतो. तो खेळ चालवणाऱ्या यंत्रात सुरावटीला दोन आवाज, खर्जाला एक, आणि तालाला खरखर करणारा एक. आधी मुद्रित केलेला आवाजाचा तुकडा वाजवायला पाचवा होता. मारिओने उडी मारली की त्या आवाजासाठी गाण्यातला एक सूर तेवढ्यापुरता गप्प बसवला जाई. इतक्या अडचणीत माणसाने अशी धून बांधली की ती तासन्‌तास फिरत राहिली तरी पोरे ‘बंद करा’ म्हणत नाहीत. आधी केलेली चाल मारिओच्या धावण्याशी जुळेना म्हणून कोंडोंनी ती टाकून दिली आणि नवी बांधली. पाण्यातल्या भागाला तीन-तीनचे वजन दिले, आपल्या दादऱ्याच्या जवळचे, तिथे मारिओ पोहतो. खेळातली उरलेली वेळ शंभरावर आली की तीच धून द्रुत होते. आमच्याकडे याला लयीची जाण म्हणतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२३ साली ही धून जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. व्हिडिओ गेमचे संगीत त्या यादीत येण्याची ती पहिलीच वेळ. पण आमच्या परीक्षकांपुढे लायब्ररीची काय मातब्बरी!

आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेला एक मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून लहानपणीच तसेच्या तसे गायचा. तोच पुढे कुमार गंधर्व झाला. माझा विद्यार्थी काही कुमार गंधर्व होणार नाही, एवढे मला समजते. पण यंत्रातून ऐकून उचलले म्हणून ते संगीतच नव्हे, असे त्या तबकड्यांच्या काळात कुणी हात वर करून म्हटले असते तर?

आणि हो, त्याच मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीने गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. रात्री वयस्क माणसांनी कानात कापूस घातला. तिथे परीक्षकही हजर होते, नारळ-शाल घेऊन. त्यांचा हात काही वर गेला नाही.

लेखकांनी निदान एकदा ती धून पूर्ण ऐकावी, मग हवी तर नावे ठेवावीत. त्या मुलाने पेटी अजून सोडलेली नाही. स्पर्धेचे नाव काढले की मात्र विषय बदलतो.

कळावे,
एक पेटीवादक, खानापूर

ता. क. : रविवारची पुरवणी आमच्या भागात सोमवारी हाती पडते, तीही कधी आतली चार पाने गायब करून. वितरण विभागाला तेवढे सांगावे.