तिकीट काढलंय, पण आधी पूर्ण वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले तीनदा, पण आई "जेवलीस का" म्हणाली की माझा धीरच होत नाही, म्हणून लिहितेय. फेब्रुवारीत मी न्यूझीलंडला सायकल चालवायला चाललेय, आमचा रविवारचा सायकल ग्रुप, आठ जण. तिकीट काढून झालंय.

घाबरू नका. हा हायवे नाहीये. ओटागो सेंट्रल रेल ट्रेल म्हणजे जुनी रेल्वे, १९९० मध्ये बंद झाली, रूळ काढले आणि २००० पासून त्याच वाटेवर सायकली चालतात. मोटारींना परवानगीच नाही. क्लाइड ते मिडलमार्च १५२ किमी, पाच दिवसांत, म्हणजे रोज जेमतेम तीस, मी रविवारी सिंहगड पायथ्याला जाऊन येते त्याहून कमीच. आणि चढ ५० ला १, म्हणजे पन्नास मीटर गेल्यावर एक मीटर वर, यापेक्षा जास्त कुठेच नाही, गाडीला ओढायला झेपेल असाच बांधलेला ना. खंडाळ्याचा घाट ३७ ला १, हे बाबा तुम्हीच शिकवलंत, डेक्कन क्वीनमधे बोगदे मोजताना. इथेही पूलबर्नच्या घळीत दोन बोगदे आहेत, आत दिवे नाहीत, टॉर्च लावून जायचं. सामान व्हॅन पुढे नेते, रात्री गादी, गरम पाणी सगळं आहे. आई, लाडू करत बसू नकोस, तिथे बाहेरचं खाणं न्यायचे नियम फार कडक आहेत, आल्यावर कर.

गेल्या पावसाळ्यात बाबा बाथरूममधे घसरले तेव्हा मी नेमकी बाहेरगावी होते, ते अजून मनातून जात नाही. म्हणून यावेळी ताई दहा दिवस तुमच्याकडे राहायला येतेय, नाही म्हणू नका, मीच तिला गळ घातलीय.

बाबा, दांडीला टॉवेल गुंडाळून मला शाळेत सोडायचात ना, लकडी पुलावर गार वारा लागला की तुम्ही एक हात माझ्या कपाळावर आडवा धरायचात, सायकल एका हाताने. तो हात मला अजून आठवतो, पहिल्या दिवशी पेडल मारताना तर नक्कीच आठवेल.

आता ऐका. बाथरूममधे मॅट टाकलीय ती उचलायची नाही. स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, आई, हे तुला. रक्तदाबाची गोळी नाश्त्यानंतर लगेच. तुमचे सकाळचे आठ म्हणजे तिथे दुपारचे साडेतीन, तोवर माझी त्या दिवसाची सायकल संपलेली असेल, तेव्हा रोज बीपीच्या मशीनचा फोटो पाठवा. आकडा नीट दिसेल असा, चष्मा लावून काढा.

तुमची,
छकुली