गोथेनबर्गच्या काकांना, आणि काकूंनाही

काका, साष्टांग नमस्कार म्हटलं तर तुम्ही ओरडाल, म्हणून साधाच नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही फोनवर बजावलंत त्यामुळे लिहीत नाहीये, पण मूळचा सोलापूरचा, गोथेनबर्गमध्ये केस पांढरे केलेला आणि अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या शोच्या रांगेत खिशात मार्कर घेऊन फिरणारा माणूस म्हटल्यावर ज्यांना कळायचं त्यांना कळणारच, त्याला माझा इलाज नाही. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि त्याच्या बँडमधल्या मॅक्स वाइनबर्गच्या ड्रमिंगवर घसरता, मग अर्धा तास गेला. म्हणून आता लिहूनच टाकते, मध्ये तोडता येणार नाही तुम्हाला.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. ब्रूस स्प्रिंगस्टीनचे युरोपातले फॅन एक शो बघून घरी जात नाहीत, ते त्याच्या मागे गावोगाव जातात. २०२३ ला तर विचारूच नका, सहा वर्षांनी तो त्याच्या ई स्ट्रीट बँडला घेऊन टूरवर निघालेला, एप्रिलच्या शेवटी बार्सिलोनाला युरोपातली सुरुवात आणि जुलैच्या शेवटी इटलीत मोंझाला शेवट, मधल्या काळात डब्लिन, पॅरिस, रोम, ॲमस्टरडॅम सगळीकडे तेच तेच चेहरे. कोणी रजा साठवून आलेलं, कोणी रिटायर झालेलं, कोणी गाडीत झोपणारं. मी पुण्याहून आले याचं तिथे कोणाला फार कौतुकही वाटलं नाही, "अच्छा, इंडिया, नंबर घेतलास का?" एवढंच.

तर हा नंबर. मला वाटलेलं तिकीट आहे म्हणजे झालं. तिकीट असलं तरी मैदानात अगदी पुढे, स्टेजला लागून असलेल्या कठड्यापाशी उभं राहायचं असेल तर आधी आत शिरावं लागतं आणि आधी शिरायचं तर रांग, आणि ती रांग फॅनच चालवतात. आलात की वहीत नाव, हातावर मार्करने नंबर, आणि मग ठरलेल्या वेळांना हजेरी. हजेरीला नाही आलात तर नाव कट, मग तुम्ही कितीही लांबून आलेले असा. दोन हजेऱ्यांच्या मध्ये झोपा, जेवा, फिरा, कोणी विचारत नाही. काका, तुम्ही मला हे एका वाक्यात सांगितलेलंत, "अगं पंढरपूरची दर्शनबारी, फक्त इथे पास हातावर लिहितात". आणि गंमत म्हणजे तिकडे खरंच पालख्या पंढरपूरच्या वाटेवर होत्या, २९ जूनला आषाढी होती आणि आई फोनवर म्हणत होती की वारीला चल म्हटलं तर तुझे पाय दुखतात आणि तिकडे रस्त्यावर उभी राहतेस.

त्या फोनमुळेच तर तुम्ही भेटलात. शुक्रवार २३ जून, मिडसमरची आदली रात्र म्हणजे स्वीडनचा सगळ्यात मोठा सण, हे मला विमानतळावरून बसने कोर्शव्हेगनला उतरल्यावर कळलं. गाव ओस. दुपारनंतर दुकानं बंद, लोक आपापल्या समरहाउसवर गेलेले, ट्राम रिकाम्या धावतायत. माझी बॅग आलेली नव्हती (कुठल्या विमान कंपनीने ती मधल्याच एका विमानतळावर ठेवली ते सांगत नाही, उगाच वाद नको), अंगावर कॉटनचा कुडता, खिशात एक चिक्कीचं पाकीट. दुसऱ्या दिवशी जिथे शो होता त्या उल्लेवी स्टेडियमबाहेर, स्कोनेगातन रस्त्यावर फुटपाथला बसून मी आईला सांगत होते, "अगं बॅगच आली नाही गं, आणि इथे कुत्रंसुद्धा नाही रस्त्यावर", आणि मागून आवाज आला, "कुठल्या गावच्या तुम्ही?"

काका, त्या वाक्याने मला किती धीर आला ते तुम्हाला नाही कळणार. पुढच्या पाच मिनिटांत तुम्ही माझं गाव, आडनाव, लग्न, नोकरी सगळं काढून घेतलंत, 'तुम्ही' चं 'तू' झालं, आणि मला हाताला धरून रांगेची वही सांभाळणाऱ्या मिलानच्या मावशींपुढे उभं केलंत. त्यांची ती चौकटीची वही, चष्मा नाकावर, प्रत्येक नाव स्वतः लिहायचं, दुसऱ्याच्या वतीने नाव घ्यायचं नाही म्हणजे नाही. १९८५ च्या जूनमध्ये स्प्रिंगस्टीन इटलीत पहिल्यांदा वाजवायला आला, सान सिरोवर, तेव्हापासून या बाई त्याच्या मागे आहेत म्हणे. अशा बाईसमोर कोण वशिला लावणार! तुम्हीही नाही लावलात, फक्त म्हणालात की या मुलीने जेवलेलं नाहीये. त्यांनी माझ्या हातावर नंबर लिहिला आणि पर्समधून अर्धं सँडविच काढून दिलं.

मग काकू आल्या डबा घेऊन. मिडसमरला तिथे हेरिंग मासा, नवे बटाटे आणि स्ट्रॉबेरी खातात हे मी ऐकून होते, पण काकूंनी त्या बोराएवढ्या नव्या बटाट्यांना सालासकट उकडून, लोणी लावून, वरून शेपू भुरभुरून आणलेलं आणि बाजूला सोलापूरची शेंगाचटणी. शेपू! लहानपणी मी ताटातून शेपू काढून टाकायचे आणि मार खायचे, माझ्या दृष्टीने ती शिक्षेची भाजी. पण त्या फुटपाथवर, स्टीलच्या डब्यात, बटाटा दाताखाली फुटून त्यातून वाफ आली आणि मागून चटणीचा तिखट लसूण, मी डबा पुसून खाल्ला काकू. तुम्ही बघत होतात आणि काही बोलला नाहीत, फक्त स्ट्रॉबेरी पुढे केल्यात.

संध्याकाळी मेसेज आला की बॅग विमानतळावर आली आहे, येऊन घेऊन जा. सणामुळे घरपोच दोन दिवस तरी होणार नव्हती. लान्डव्हेटर विमानतळ गावापासून वीस-पंचवीस किलोमीटर, आणि मधे हजेरी. काका, तुम्ही गाडीची किल्ली काढलीत तेव्हा मीच नको म्हटलं, कारण तुमचंही नाव कटलं असतं आणि तुमचा नंबर माझ्यापेक्षा कितीतरी वरचा. तेव्हा काकूंनी किल्ली तुमच्या हातातून घेतली. ज्या बाईला स्प्रिंगस्टीनचं एकही गाणं पुरतं येत नाही, जिच्या गाडीत कुमार गंधर्व लागलेले असतात आणि जी त्याला "तो तुमचा ब्रूस" म्हणते, तिने सणाच्या संध्याकाळी मला विमानतळावर नेऊन आणलं, काउंटरवरच्या माणसाशी खडखडीत स्वीडिशमध्ये भांडली, पार्किंगचे पैसे स्विश या तिथल्या मोबाइल ॲपने भरले (स्विशला तिथलं बँक खातं लागतं, माझ्या हातात नोटा नुसत्या फडफडत होत्या) आणि हजेरीच्या आधी स्कोनेगातनच्या कोपऱ्यावर सोडलं. जाताना स्वतःचं जॅकेट काढून दिलं, रात्री गार पडतं म्हणून. माझी बॅग हातात होती, त्यात माझं जॅकेट होतं, तरीही दिलं. आयांना कोण समजावणार.

ती रात्र पण रात्र नव्हतीच, दहा वाजून गेले तरी लख्ख उजेड. आयर्लंडची दोघं, नॉर्वेचा एक सुतार, मिलानच्या मावशी, सगळे गोल करून बसलेले आणि तुम्ही उल्लेवीची ती गोष्ट सांगत होतात. मी वाचलेली होती, पण मातीकडे बोट दाखवून सांगितलेली ऐकली नव्हती. हे स्टेडियम १९५८ च्या फुटबॉल वर्ल्डकपसाठी बांधलेलं, आणि खाली चिकणमाती. १९८५ च्या जूनमध्ये ८ आणि ९ तारखेला इथे त्याचे दोन शो झाले, शेवटी शेवटी हजारो लोक एकाच ठेक्यावर उड्या मारायला लागले, आणि चिकणमातीच ती, ठेका पकडून तीही हलायला लागली, तिच्याबरोबर खांब आणि स्टँड. नुकसान एवढं झालं की पुढे काही वर्षं तिथे मोठ्या रॉक शोंना बंदी आणि पाया मजबूत करायचं काम. इंजिनिअर माणूस तुम्ही, तुम्हाला त्या गाण्यापेक्षा त्या मातीच्या फ्रिक्वेन्सीत जास्त रस, नॉर्वेच्या सुताराला तुम्ही कागदावर आकृती काढून दाखवत होतात. मला हसू आवरत नव्हतं.

आणि मग दिल्ली. हे मात्र मला माहीतच नव्हतं! ३० सप्टेंबर १९८८, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, ॲम्नेस्टीची मानवी हक्कांची जगभरची टूर, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन, युसू न्दूर आणि स्प्रिंगस्टीन. तुम्ही दिल्लीत शिकत होतात आणि तिकीट स्टिंगसाठी काढलेलंत. "ब्रूस एवढासा दिसत होता", तुम्ही करंगळीचं नख दाखवलंत, "पण आवाज असा की मला वाटलं हा माणूस माझ्यावरच ओरडतोय". त्यानंतर तो भारतात वाजवायला आलेला नाही. तुम्हीच मग स्वीडनला आलात, नोकरीसाठी आलो असं तुम्ही म्हणता, काकूंचं मत वेगळं आहे.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहितेय.

शनिवारी गेट उघडलं, पळायचं नाही असं सगळ्यांना सांगितलेलं तरी सगळे ज्याला अर्धवट पळणं म्हणतात तसे चालत होतो, आणि तुम्ही कठड्यापर्यंत पोचलात. दोन्ही हात लोखंडावर. मी मागून आले तेव्हा माझ्यासमोर फक्त पाठी होत्या, माझी उंची पाच फूट, स्वीडिश पाठी म्हणजे भिंतीच. तुम्ही मागे वळून बघितलंत, "इकडे ये" म्हणालात, आणि स्वतः बाजूला होऊन मला कठड्याला लावलंत आणि माझ्या मागे उभे राहिलात. मी नको नको म्हणत होते तर म्हणालात, "मला तुझ्या डोक्यावरून दिसतंय, गप उभी राहा".

एवढंच. त्याचं तुम्ही पुढे नावही काढलं नाहीत.

मला वाटलं तुम्ही दरवेळी कठड्यालाच असता. पुण्यात आल्यावर काकूंशी बोलताना कळलं की इतक्या वर्षांत, इतक्या शहरांत, तुम्हाला कठडा कधी मिळालेलाच नव्हता, दुसरी नाहीतर तिसरी ओळ, कधी गुडघा दुखला म्हणून मागे, कधी कोणाला तरी पुढे करून. काका, मला हे तिथे कळलं असतं तर मी तुम्हाला ढकलून पुढे केलं असतं. आणि तुम्हाला ते माहीत होतं म्हणून तुम्ही बोलला नाहीत, बरोबर ना?

त्या जागेवरून मला जे दिसलं ते लिहिते, तुमचंच आहे ते. बँडमधले आता हयात नसलेले सॅक्सोफोनवाले क्लॅरन्स क्लेमन्स आणि डॅनी यांचे व्हिडिओ लागतात त्या गाण्यात ब्रूस खाली उतरून कठड्याजवळून चालत गेला तेव्हा त्याच्या हातावरच्या शिरा दिसत होत्या, दोरीसारख्या, आणि शर्ट घामाने काळा झालेला, आणि ७३ वर्षांचा माणूस धापा टाकत होता आणि हसत होता. ते टीव्हीवर दिसत नाही, धाप. जेक क्लेमन्स त्याच्या काकांच्या, म्हणजे क्लॅरन्सच्या जागी सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला तेव्हा माझ्या मागे तुम्ही टोपी काढलीत, ते मला वळून न बघताच कळलं कारण टोपीचा काठ माझ्या डोक्याला लागला. आणि जॉर्ज थीस या गेलेल्या जुन्या साथीदाराबद्दल ब्रूस बोलला, आपल्या पहिल्या बँडमधला आता मीच एकटा उरलोय असं, तेव्हा नॉर्वेचा सुतार ढसाढसा रडत होता आणि मिलानच्या मावशींनी त्याला रुमाल दिला. शेवटी बँड आत गेल्यावर तो एकटा गिटार घेऊन गायला, आणि बाहेर अजून उजेड.

तीन महिन्यांनी अल्सरमुळे त्याने शो पुढे ढकलल्याची बातमी आली तेव्हा पहिला फोन तुम्हालाच केला होता. तुम्ही म्हणालात, तिखट कमी खायला सांग त्याला.

२०२५ ला तुम्ही मिलानला सान सिरोवर गेलात, मावशींच्या वहीत यावेळी तुमचं नाव पहिल्या पानावर होतं म्हणे, मला रजा मिळाली नाही, मार्चएंडला रजा खाल्ल्या होत्या सगळ्या. कठडा मिळाला का ते तुम्ही अजून सांगत नाही आहात. काकूंना विचारलं तर त्या म्हणतात तूच विचार. तर आता सगळ्यांसमोर विचारतेय, मिळाला का?

डिसेंबरात सोलापूरला येताना पुण्यात दोन दिवस थांबायचं ठरलंय, त्यात बदल चालणार नाही. काकूंचं जॅकेट ड्रायक्लीन करून ठेवलंय. आणि काकू, ते नवे बटाटे किती वेळ उकडायचे ते एकदा लिहून पाठवा, माझ्याकडे आपले तळेगावचे बटाटे आहेत, सालं फुटून पार लगदा होतो.