गेमच्या शेवटाची सोय आधीच करायला लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वृत्तपत्रात व्हिडिओ गेमचा विषय निघतो तो व्यसनाच्या नाहीतर हिंसेच्या निमित्ताने. गेमचा राजकारणाशी सर्वांत थेट संबंध येतो तो ग्राहकाच्या हक्कापाशी, आणि त्यावर फार कमी लिहिले जाते. पैसे मोजून घेतलेला गेम कंपनीने ठरवलेल्या एका तारखेनंतर कुणालाच, कधीच खेळता येऊ नये, हे कायद्याने चालू द्यावे का? चालू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्यावरचा उपायही सांगितला जातो तितका महाग नाही.

‘द क्रू’ हा युबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा गाड्यांच्या शर्यतींचा गेम डिसेंबर 2014 मध्ये आला. त्यात एकट्याने खेळायचा भाग भरपूर होता, तरी दर वेळी कंपनीच्या सर्व्हरशी, म्हणजे तिच्या मध्यवर्ती संगणकांशी, नेटवरून जोडणी लागायचीच. 31 मार्च 2024 रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याही हातात नुसती तबकडी उरली. पुढे अनेकांच्या खात्यातून गेम वापरण्याचा परवानाही काढून घेतला गेला. यातूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली. युरोपीय संघात नागरिकांच्या पुढाकाराने प्रस्ताव मांडायचा तर दहा लाख सह्या लागतात, शिवाय किमान सात सदस्य देशांत ठरलेला आकडा गाठावा लागतो. 3 जुलै 2025 रोजी दहा लाखांचा टप्पा ओलांडला गेला आणि महिनाअखेरीस मुदत संपली तेव्हा सह्या चौदा लाखांच्या पुढे होत्या. अर्थात, सह्या झाल्या म्हणजे कायदा झाला असे नाही. युरोपीय आयोगाला उत्तर द्यावे लागते, कायदा करावाच लागतो असे नाही.

या मागणीचा हमखास विपर्यास होतो. ‘सर्व्हर काय जन्मभर चालवायचे का?’ असे विचारले जाते. प्रस्तावात तसे कुठेही म्हटलेले नाही. कंपनीने साथ सोडताना गेम खेळता येईल अशा स्थितीत सोडावा, इतकेच मागितले आहे. मालकी हक्क नको, नंतरचा खर्चही नको.

तांत्रिक बाजू समजून घेतली की हे सोपे होते. ऑनलाइन गेममागे साधारण चार कामे चालतात: खाते तपासणे, खेळाडूंची जुळणी करणे, प्रगती साठवणे आणि प्रत्यक्ष सामना चालवणे. एकट्याने खेळायच्या भागाला बऱ्याचदा यातली पहिली आणि तिसरी एवढीच कामे लागतात. लॉगिनची सक्ती काढली आणि प्रगती खेळणाऱ्याच्याच यंत्रावर साठवू दिली की काम झाले. ‘ग्रान टुरिस्मो स्पोर्ट’चे सर्व्हर जानेवारी 2024 अखेर बंद झाले, त्याआधीच अपडेट देऊन एकट्याने खेळायचा भाग ऑफलाइन, म्हणजे नेटशिवाय, खेळता येईल असे केले होते. ‘नॉकआउट सिटी’ तर पूर्णपणे सामन्यांचा गेम. तो जून 2023 मध्ये बंद करताना पीसीवर खेळाडूंना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती फुकट देण्यात आली. खुद्द युबीसॉफ्टनेही सप्टेंबर 2024 मध्ये ‘द क्रू 2’ला ऑफलाइन मोड देण्याचे जाहीर केले. म्हणजे जमते.

गाडी अडते ती मिशनचे नियम, शत्रूंच्या हालचाली आणि बक्षिसांचा हिशोब हे सगळेच सर्व्हरवर लिहिलेले असले की. तो भाग मग नव्याने बांधावा लागतो, आणि गेम बंद व्हायच्या वेळी मूळ संघ पांगलेला असतो, कोड माहीत असलेली माणसे दुसरीकडे गेलेली असतात. दुसऱ्या कंपन्यांकडून भाड्याने घेतलेले सॉफ्टवेअर सर्व्हरमध्ये गुंतलेले असेल तर ते लोकांच्या हाती देताही येत नाही. या अडचणी खऱ्या आहेत. म्हणूनच नियम जुन्या गेमना नव्हे, यापुढे बनणाऱ्यांना लागू करावा. शेवटाची तरतूद आराखड्यातच असली की खर्च फार कमी होतो.

गेममध्ये वापरलेल्या संगीताच्या आणि खऱ्या गाड्यांच्या परवान्यांची मुदत संपते, ही सबब मात्र मला पटत नाही. परवाना संपला की नवी विक्री थांबते, घेतलेली प्रत मरत नाही. ‘अ‍ॅलन वेक’ 2017 मध्ये संगीताच्या हक्कांमुळे विक्रीतून निघाला, पण घेतलेल्यांना तो खेळता येत होता, आणि पुढच्याच वर्षी तो विक्रीला परत आला. दरमहा वर्गणीच्या गेमचे वेगळे. तिथे किती दिवसांचे पैसे भरतो ते आधीच कळते. ‘कॉन्कॉर्ड’ 2024 मध्ये दोन आठवड्यांत बंद पडला, पण सगळ्यांचे पैसे परत दिले, तेही रीतसर झाले. तरीही कित्येक वर्षांची कलाकारांची मेहनत कुणालाच पाहता येत नाही, याची हळहळ वाटतेच.

कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून डिजिटल वस्तूवर ‘खरेदी करा’ असे लिहायचे तर हा फक्त परवाना आहे हे स्पष्ट सांगावे लागते. कायमचा उतरवून ऑफलाइन वापरता येणाऱ्या वस्तूला ही अट नाही. पाऊल चांगले आहे, पण अपुरे. इशारा दिल्याने गेम वाचत नाही.

तोवर ग्राहकांनी काय पाहावे? नुसत्या डिस्कवर विसंबू नये. काही डिस्कवर अर्धाच गेम असतो, आणि निन्टेंडोच्या स्विच 2 या खेळयंत्राच्या ‘गेम-की’ कार्डात गेम नसतोच, तो उतरवण्याची किल्ली तेवढी असते. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात गेमच्या पानावर उजवीकडे वेगळ्या खात्याची किंवा डीआरएमची (नक्कल रोखणाऱ्या कुलपाची) सूचना असते, ती वाचावी. स्टीमवर परतावा 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असेल तर मिळतो. त्या मुदतीत नेट तोडून, यंत्र पुन्हा सुरू करून गेम उघडतो का ते तपासावे. जीओजी या डीआरएमशिवाय गेम विकणाऱ्या दुकानातून घेतल्यास ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून वेगळ्या ड्राइव्हवर ठेवावा, आणि मोठा पॅच (सुधारणा) आला की इन्स्टॉलरही नव्याने उतरवावा. सोनीचे प्लेस्टेशन 4 (पीएस4) असणाऱ्यांनी सिस्टिम सॉफ्टवेअर 9.00 किंवा त्यापुढचे असल्याची खात्री करावी. आधीच्या आवृत्त्यांत आतली घड्याळाची छोटी बॅटरी संपली आणि सोनीच्या सर्व्हरशी जोडणी नसली, तर डिस्कवरचे गेमही उघडत नसत. सप्टेंबर 2021 मध्ये एका अपडेटने हा दोष गेला.

आपल्याला एक विनंती. एखादा गेम बंद होत असल्याची बातमी देताना ‘चाहते नाराज’ एवढ्यावर थांबू नका. विक्री कधी थांबवली, सर्व्हर कधी बंद होणार, ऑफलाइन मोड मिळणार की नाही आणि पैसे परत मिळणार का, ही चार उत्तरे कंपनीकडून मागून छापा. उत्तर आले नाही तर तसेही छापा.

आपला,
एक गेमप्रेमी वाचक